झोळीत उरलेलं वजन

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, पुर्बोला, सगळं मोठं लागतं. मोटारसायकल मोठी, टीव्ही मोठा, आणि पहिला मुलगा झाला तेव्हा नावही मोठं. जगतनाता, म्हणजे जगाचा राजा. त्यांचं तीन खोल्यांचं घर, मागे तंबाखूच्या शेताचा एक तुकडा, तोही माझ्या वडिलांनी ठेवलेला, आणि तिथे जगाचा राजा जन्माला आला. मी तेव्हाच म्हटलं होतं, "अरे पुर्बो, नाकापेक्षा मोती जड होईल." तो हसला. बिनलग्नाच्या मोठ्या मेहुणीचं कोण ऐकतं?

स्वतःसाठी मात्र त्याला नाव सापडत नव्हतं. लग्न झालं की पुरुषाने थोराचं नाव घ्यायचं, ही आमच्या वाडीची रीत. पुर्बोने ते घेतलंच नव्हतं. शोभेलसं मिळालं की घेईन, म्हणायचा. तोवर सगळं शोभणारं त्याने मुलाला देऊन टाकलं होतं.

आणि मूल टिकेना. ताप उतरला की आकडी, आकडी थांबली की जुलाब. माझी बहीण वेनिंग वाळत चालली आणि मूल तिच्याहून जास्त. वर्षाच्या आतच सगळी वाडी तेच बोलायला लागली, नाव जड झालंय, बदला. आमच्याकडे पोर आजारी राहिलं की नाव बदलतात, यात नवल काही नाही. वाडीतले म्हाताऱ्यांतले म्हातारे म्बाह दिपो, म्हणजे दिपो आजोबा, आले, गुळाची तांबडी लापशी आणि नारळाच्या दुधातली पांढरी लापशी झाली, आणि जगतनाताचा बेजो झाला. बेजो म्हणजे नशीबवान, पण अगदी हलकं नाव, कोंबड्या राखणाऱ्या पोराला शोभावं असं.

म्बाह दिपोंची एक स्वतःची पद्धत होती. नवं नाव ठेवण्याआधी ते उंबऱ्यावर उभे राहून जुन्या नावाला हाक मारत, आणि ज्याने ते नाव ठेवलं त्याने ओ देऊन ते परत घ्यायचं असे. त्यांनी हाक मारली. पुर्बो अंगणात मोटारसायकलवर बसून होता, तोंड डोंगराकडे. "मी काय त्याला दगड दिला होता का?" एवढंच बोलला आणि गाडी सुरू करून निघून गेला. म्बाह उंबऱ्यावरून खाली उतरले. मग म्हणाले, "लापशी वाटा. बाकीचं राहिलं." आणि ते राहिलंच.

मी तिथेच होते. पण माझं डोकं तेव्हा दुसरीकडे होतं, कारण माझी परीक्षा जवळ आली होती. या वयात परीक्षा! त्याचं असं झालं. मी सरकारी दवाखान्यात कारकून. आमच्याकडे लहान मुलांच्या वजनांचा एक प्रोग्राम आहे, ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर चालणारा. तो आमच्याच भागातल्या एका पोराने लिहिला आणि ते पोर बोटीवर नोकरीला निघून गेलं. मग वरून हुकूम आला की आयांना मोबाइलवर मुलांची वाढ दिसली पाहिजे, वेबसाइट करा. डॉक्टरीणबाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी नकार देणार होते. पण ज्या बाईला 'हिला काय जमणार' असं कोणीतरी मनात म्हणतंय याचा वास येतो, ती नकार देत नाही.

गावच्या तंत्रशाळेत संध्याकाळचा वर्ग होता. मास्तर मास युवोनो, मास म्हणजे दादा, पण वयाने माझ्याहून इतका लहान की मिशी फुटायची होती. पहिल्याच दिवशी मला बु, म्हणजे बाई, करून म्हणाला, "बु वुर्यानी, माऊस चावत नाही. धरा."

"चावला तर तुझ्या आईला सांगेन," मी म्हटलं. तेव्हापासून आमचं जमलं.

शिकवायचा मात्र छान. म्हणायचा, डेटाबेस म्हणजे विहीर. तुमचा ऑफिसातला जुना प्रोग्राम म्हणजे घरची सून. सकाळी घागर भरून आणते, दिवसभर त्यातलंच वापरते आणि संध्याकाळी उरलेलं पुन्हा विहिरीत ओतते. वेबसाइट म्हणजे वाटसरू. येतो, ओंजळभर पितो, जातो. विहीर दोघांची तीच. आणि विहिरीला दार आहे. उघडलंत की लावायचं. "दारं उघडी टाकून गेलात ना बु, तर मग आत कोण आहे ते विहीर सांभाळणाऱ्या सर्व्हरलाच कळत नाही."

दुसरा नियम त्याने फळ्यावर लिहून ठेवला होता. काही बदलायचं, काही पुसायचं, तर आधी व्यवहार उघडा. मग आज्ञा द्या. मशीन सांगेल किती रेकॉर्ड हलली. तो आकडा बघा. तुमच्या मनातला आकडा आला तर कमिट करा, म्हणजे झालं ते कायम. दुसरा कुठलाही आकडा आला तर रोलबॅक करा, म्हणजे काही झालंच नाही. "सगळं होईल नाहीतर काहीच होणार नाही. अर्धं झालेलं काम सगळ्यात वाईट, बु. ते झालंय असं वाटतं."

आमचा जुना प्रोग्राम उघडून त्याने आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "हा कोण शहाणा? नावालाच ओळख केलंय! माणसाला नंबर द्यायचा असतो. नाव बदललं की काय करणार?"

"आमच्या वाडीत नाव म्हणजेच माणूस, मास."

"मग वाडीत नाव बदलतात तेव्हा जुना माणूस कुठे जातो?"

तो चेष्टा करत होता. मलाही हसू आलं.

बेजोच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. वाडीवर मुलांची वजनं करणाऱ्या बु तुमिनी, नोंदीही त्याच करायच्या. नाव बदलायला गेल्या तर प्रोग्राम नाव बदलू देईना. मग त्यांनी सरळ बेजो नावाचं नवं मूल घातलं. आई तीच, जन्मतारीख तीच. जुनं रेकॉर्ड तसंच मागे राहिलं, ओसरीवर विसरलेल्या चपलेसारखं.

मला हे ठाऊक नव्हतं. मी माझ्या वेबसाइटच्या आनंदात होते. आईने स्वतःचं नाव घालायचं, की तिच्या मुलांच्या वाढीच्या रेघा समोर. खालून एक तांबडी रेघ, तिच्या खाली मूल गेलं की धोका. सगळ्या वाडीतल्या बायका मोबाइल घेऊन मला दाखवायला येत होत्या आणि मी 'त्यात काय एवढं' असं तोंड करून बसत होते. खरं सांगते, आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

एका दुपारी वेनिंग आली. बेजोला कडेवर बांधलेलं, घामाने निथळत होती.

"म्बाक, अगं ताई, हे बघ. मला दोन मुलं दाखवतंय."

मी बघितलं. बेजो आणि जगतनाता. "जुनं नाव राहिलंय गं. काढून टाकते. एवढ्यासाठी उन्हातून आलीस?"

"राहिलंय ते मलाही दिसतंय," ती म्हणाली. "पण ते वाढतंय कसं?"

मी मोबाइल हातात घेतला. बेजोची रेघ महिन्यामागून महिना खाली येत होती, तांबड्या रेघेकडे. जगतनाताची रेघ वर चढत होती. नाव बदलल्यानंतरच्या प्रत्येक वजनाच्या दिवशी त्याची नोंद होती. याचं जेवढं घटलं होतं, तेवढंच त्याचं वाढलं होतं.

बेजो कडेवरून माझ्याकडे बघत होता. मी "बेजो" म्हटलं. तो हसला, पण हसण्याआधी त्याने मान वळवून मागे बघितलं. आधी कोणाला तरी विचारावं तसं.

मी बु तुमिनींना धरलं. त्या भडकल्याच. "त्या नावाला मी हात लावीन? मला माझी नातवंडं प्यारी आहेत, वुर्यानी! मी एका बेजोचं वजन लिहिते, एका."

युवोनोला फोन केला. तो हसला. "बु, ही घागर आहे. जुन्या प्रोग्रामने शिळं पाणी भरून ठेवलंय आणि रोज संध्याकाळी ते विहिरीत ओततोय. पुढच्या वजनाच्या दिवशी तो कॉम्प्युटर बंद ठेवा, पासवर्डही बदला. फक्त वेबवरून नोंद करा. भूत पळेल."

पटलं मला. पटवून घेतलं म्हणा. पण मधल्या दिवसांत वेनिंगकडे जेवायला गेले की मी मुलाकडेच बघत बसायचे. बेजो चटईच्या अगदी कडेला झोपायचा, भिंतीला लागून. वेनिंगने ओढून मधे घेतलं की रडायचा आणि पुन्हा सरकायचा. खाताना तेंपेचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचा, तुकडा तोंडात घालायचा आणि दुसरा शेजारी जमिनीवर ठेवायचा. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या, मोठ्या हॉस्पिटलातही झाल्या. सगळं ठीक. ठीक म्हणता म्हणता मूल हातात कापसासारखं लागायला लागलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वुर्यानी, हे असंच चाललं तर पुढचा महिना अवघड आहे." त्या तशा घाबरवणाऱ्या नाहीत.

वजनाच्या दिवशी मी ऑफिसातल्या कॉम्प्युटरची वायर काढली, गुंडाळून टेबलावर ठेवली आणि मगच वाडीवर गेले. सकाळची वेळ, लख्ख ऊन, सुम्बिंग डोंगर हाताला लागेल इतका जवळ दिसत होता. वाडीच्या मुखियांच्या ओसरीवर आढ्याला तराजूची दांडी टांगलेली, एका टोकाला कापडाची झोळी, दुसरीकडे सरकवायचा वजनाचा गोळा; तो जितका आत, तितकं वजन कमी. बायकांचा गलका चालला होता, कोणाचं पोर माझ्या पोराहून जाड, कोणाला सासू दूध पाजू देत नाही.

बेजोला झोळीत घातलं. बु तुमिनींनी दांडीवरचा गोळा सरकवत सरकवत आत आणला, आणखी आत आणला, आणि दांडी सरळ झाली तेव्हा गलका थांबला. वेनिंगने मूल उचलून घेतलं आणि पदराखाली लपवलं.

झोळी रिकामी झाली की दांडी कलंडते, गोळ्याकडची बाजू खाली येते. ती आली नाही. दांडी सरळच राहिली. मग झोळीकडचं टोक सावकाश खाली गेलं. कापड तळाशी ताणलेलं होतं, गोल, मूल मांडी घालून बसल्यावर होतं तसं.

बु तुमिनींनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. पुढची बाई आपलं पोर घेऊन पुढे आली होती, ती दोन पावलं मागे गेली.

मी तिथेच पायरीवर बसून मोबाइलवरून बेजोचं वजन घातलं. मग वेनिंगचं पान उघडलं. दोन नोंदी होत्या, आजच्याच तारखेच्या. बेजो तांबड्या रेघेवर टेकला होता.

तशीच ऑफिसात गेले. विहिरीची किती दारं उघडी आहेत ते सर्व्हर दाखवतो, युवोनोने शिकवलं होतं. मी वेबसाइटसाठी मिळालेल्या लॅपटॉपवरून बघितलं. एक दार माझं होतं. दुसरंही एक उघडं होतं, ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं. मी मान वर केली. तो कॉम्प्युटर समोर काळा पडून होता आणि त्याची वायर मी गुंडाळली होती तशीच टेबलावर होती. माझी पाचावर धारण बसली. इतकी की त्या खोलीत मला पाय पोटाशी घेऊन बसावंसं वाटलं.

मी वेनिंगला बोलावून घेतलं. "पुसून टाकते," म्हटलं. "आत्ताच." ती मुलाला घेऊन बाहेरच्या बाकावर बसली, उघड्या दारातून मला दिसेल अशी. युवोनोला फोन लावून ठेवला. त्याचा आवाज आज मास्तरचा नव्हता. "बु, नियम विसरू नका. आधी व्यवहार उघडा."

व्यवहार उघडला. आज्ञा लिहिली. आई वेनिंग, मुलाचं नाव जगतनाता, ते रेकॉर्ड पूस. एकच रेकॉर्ड होतं. मी आधी दोनदा मोजून घेतलं होतं. कळ दाबली.

मशीनने सांगितलं, २ रेकॉर्ड पुसली.

"किती आले?" युवोनोने विचारलं.

मी आकडा पुन्हा वाचला. बाहेर वेनिंग म्हणत होती, "बेजो? बेजो, काय झालं रे?" आधी हळू, मग मोठ्याने. मी दारातून बघितलं. मूल तिच्या मांडीवर होतं, डोळे उघडे, पण छाती हलत नव्हती. वेनिंग त्याला गदागदा हलवत होती.

"बु! किती आले?"

"दोन!"

"रोलबॅक! बु, रोलबॅक करा!"

मी केलं. कसं केलं ते आठवत नाही. बाहेर बेजोने इतक्या जोराने भोकाड पसरलं की समोरच्या हॉटेलातला माणूस धावत आला. मी खुर्चीवर बसून रडले. लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

"कुठेतरी दोन्ही रेकॉर्ड एकमेकांना बांधलेली असतील," युवोनो नंतर म्हणाला. त्याने नोंदींचा तो सगळा तक्ता पिंजून काढला. कुठेही बांधलेली नव्हती.

म्बाह दिपोंकडे आम्ही त्याच संध्याकाळी, उजेड आहे तोवर गेलो. म्हातारा अंगणात बांबूच्या चाळणींवर कापलेला तंबाखू उलटत होता. सगळं ऐकून घेतलं. वेबसाइट, विहीर, घागर, दार, काही विचारलं नाही. शेवटी मला म्हणाला, "तू त्याला मारायला निघाली होतीस?"

"म्बाह, ते भूत आहे."

"कसलं भूत? आपलंच पोर आहे. एकाचे दोन तुम्ही केलेत. एकाला लापशी मिळाली, लाड मिळाले. दुसऱ्याला उंबऱ्यावरून हाक मारली, आणि घ्यायला कोणी आलंच नाही. मग तो आपल्या भावाचं खातोय. दुसरं काय करेल?" त्याने हात झटकले. "ज्याने नाव दिलं त्याला आणा. आणि तुझं ते यंत्रही आण. तिथेही तुम्ही त्याला बसवलंय ना? मग इकडून आणि तिकडून एकदमच. अर्धं काम नको."

फळ्यावरचा नियम तो म्हातारा मला सांगत होता.

पुर्बोला समजवायला मी गेले. वेनिंगमध्ये त्राण उरलं नव्हतं. तो लाकडाच्या कारखान्यातून नुकताच आला होता, डोक्यावर भुसा. मला वाटलं होतं भांडेल. मी म्हणाले, "म्बाह म्हणतात, ते नाव तू परत घ्यायचंस. स्वतःवर. तुला थोराचं नाव हवंच होतं ना?"

"म्हणजे जे मुलाला झेपलं नाही ते मी अंगावर घ्यायचं."

"हो."

त्याने डोक्यावरचा भुसा तळहातावर घेऊन चोळला. "म्बाक, सगळे म्हणतात पुर्बोला मोठेपणा हवा. माझ्या बापाने माझं नाव कसं ठेवलं ठाऊक आहे? शेजाऱ्याच्या बैलाचं ठेवलं. मला वाटलं, आपल्या पोराला तरी..." त्याने हातातला भुसा झटकून टाकला. मेहुण्याचा मला आयुष्यात पहिल्यांदाच कळवळा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वेनिंगच्या ओसरीवर जमलो. तांबडी लापशी, पांढरी लापशी. आढ्याला रिकामी झोळी टांगलेली, म्बाहनीच सांगितलं होतं. मी पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. युवोनोही आला होता, घाटातून स्कूटर चालवत. माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि चेष्टा एक केली नाही.

म्बाहनी बिस्मिल्ला म्हटलं आणि माझ्याकडे मान हलवली. मी व्यवहार उघडला. दवाखान्याच्या विहिरीत मोठ्या माणसांच्या नोंदींचाही तक्ता आहे. तिथे पुर्बो होता. जुन्या प्रोग्रामला मधे न घेता थेट विहिरीलाच आज्ञा दिली: नाव बदल, पुर्बोचं जगतनाता कर. मशीनने सांगितलं, १ रेकॉर्ड बदललं.

म्बाह उंबऱ्यावर उभे राहिले आणि हाक मारली. "जगतनाता!"

"ओ," पुर्बो म्हणाला. तो झोळीपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे केले. "ये रे बाळा. उशीर झाला मला. ये, माझ्याकडे ये."

कापड ताणलं गेलं, डुललं आणि मग सैल पडलं. पुर्बोचे हात खाली गेले, जमिनीला टेकतील इतके. त्याने दात आवळून ते वर उचलले आणि छातीशी घेतले. छातीशी काही नव्हतं. पण हात वाकलेले होते आणि दंडाच्या शिरा वर आल्या होत्या.

"आता," म्बाह म्हणाले.

मी दुसरी आज्ञा दिली. तीच, कालचीच. आई वेनिंग, मुलाचं नाव जगतनाता, पूस. कळ दाबायच्या आधी बेजोकडे बघितलं. तो वेनिंगच्या मांडीवर बसून लापशीत बोटं बुडवत होता. युवोनो कुजबुजला, "बु, अजून काहीच कायम झालेलं नाही. आकडा बघा." मी दाबलं.

१ रेकॉर्ड पुसलं.

बेजोने बोट चोखलं आणि पुन्हा बुडवलं. मी कमिट केलं आणि दार लावलं. मग उघडी दारं पुन्हा बघितली. दुसरं दार गेलं होतं.

पुढच्या वजनाला बेजो वर सरकला, त्याच्या पुढच्याला आणखी. आता हाक मारली की तो मागे बघत नाही, सरळ अंगावर धावून येतो. वेनिंगच्या मोबाइलवर एकच मूल दिसतं. मी युवोनोच्या सल्ल्याने सगळ्यांना नंबर देऊन टाकले. मी परीक्षाही पास झाले, कोणी विचारत नाही म्हणून सांगते.

पुर्बोला आता सगळी वाडी मानाने पाक जगतनाता म्हणते. सुरुवातीला पोरं हसायची, आता नाही हसत. तो जरा वाकून चालतो. त्याच्या मोटारसायकलचं मागचं चाक तो एकटा बसला तरी दबतं. कारखान्यातून येताना तेंपे आणि भाजी घेतो, आणि जेवताना ताटातला थोडा भाग कडेला ठेवतो. वेनिंग ते बघते आणि तसंच राहू देते.

परवा दुपारी मी त्यांच्याकडे गेले होते. वेनिंग मागे कपडे वाळत घालत होती. आत बेजो चटईच्या मधोमध हातपाय पसरून घोरत होता. त्याच्या पलीकडे, अगदी भिंतीला लागून, कुशीवर आकसून त्याचा बाप. दोघांच्या मधे चटई रिकामी होती, आणि बापाचा एक हात त्या रिकाम्या जागेवर सावकाश थोपटत होता.

 दारातूनच विचारलं, "काय पाक जगतनाता, नाव फार जड होतंय का?"

त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, म्बाक," तो म्हणाला. "आत्ताच झोपलाय."